मधुमेहात जाणारी नजर : काय टळते, काय परत येते

महाराष्ट्राला डोळ्यांचा एक आजार चांगला ठाऊक आहे, तो म्हणजे मोतीबिंदू. गेल्या काही दशकांत गावोगावी शिबिरे झाली, म्हाताऱ्याकोताऱ्यांना गाडीत घालून शहरात नेले गेले, आणि पट्टी काढल्यावर नातवंडांची तोंडे पुन्हा ओळखणारी आजी वाड्यावस्त्यांनी पाहिली. या यशातून लोकांनी एक धडा घेतला : नजर कमी झाली तरी घाई नको, पिकू द्यावा, मग ऑपरेशन करावे, दिसायला लागते. मोतीबिंदूपुरता हा धडा खपून गेला. मधुमेहाने जाणाऱ्या नजरेला तोच लावला, तर माणूस कायमचा आंधळा होऊ शकतो. इथे गेलेले बहुतेक वेळा परत येत नाही, आणि जे वाचवता येते ते नीट दिसत असतानाच वाचवावे लागते. उपचारांची कमतरता हे आज आपले मुख्य दुखणे राहिलेले नाही. रोगी वेळेवर डोळ्यांच्या डॉक्टरांपर्यंत पोहोचत नाही, हे आहे.

आकडे आधी पाहू. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत, आणखी १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. राज्यांमध्ये गोवा सर्वांत वर : २६.४ टक्के, म्हणजे दर चार प्रौढांमागे एकाहून जास्त. त्याच्या आदल्या वर्षी स्मार्ट-इंडिया या पाहणीने चाळिशीपुढच्या मधुमेहींच्या डोळ्यांचे फोटो तपासले होते. १२.५ टक्के लोकांच्या पडद्यावर मधुमेहाच्या खुणा सापडल्या आणि ४ टक्क्यांची अवस्था नजर धोक्यात येण्याइतकी पुढे गेलेली होती. शंभरात चार हा आकडा किरकोळ वाटतो, पण देशाच्या हिशेबात ती चाळिशीपुढची सुमारे ३० लाख माणसे होतात. त्याआधी २०१५ ते २०१९ या काळात दिल्लीच्या एम्सने केलेल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या मधुमेहींमध्ये पडद्यावर खुणा असलेल्यांचे प्रमाण १६.९ टक्के निघाले. त्या पाहणीतला दुसराच एक आकडा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपल्याला मधुमेह आहे हे ठाऊक असलेल्यांपैकी जवळपास ९० टक्के लोकांच्या डोळ्यांचा पडदा तोवर एकदाही तपासला गेलेला नव्हता.

नेमके काय बिघडते? डोळ्याच्या आत मागच्या बाजूला जो पातळ पडदा असतो, ज्याला पुस्तकात दृष्टिपटल आणि दवाखान्यात रेटिना म्हणतात, त्याला भरपूर रक्तपुरवठा लागतो आणि तो केसाहून बारीक रक्तवाहिन्यांतून होतो. वर्षानुवर्षे साखर चढी राहिली की या वाहिन्यांच्या भिंतींना आधार देणाऱ्या पेशी मरू लागतात. भिंतीला बारीक फुगवटे येतात, त्यातून पाणी, चरबी आणि रक्त झिरपते. हे झिरपणे पडद्याच्या मधोमध, म्हणजे वाचायला आणि चेहरे ओळखायला लागणाऱ्या भागात झाले, तर तिथे सूज येते. मधुमेहींची नजर मंदावण्याचे हे सर्वांत मोठे कारण. दुसरी वाट अधिक घातक आहे. वाहिन्या हळूहळू बंद पडतात, पडद्याचे काही भाग उपाशी राहतात, आणि ते उपाशी भाग नव्या वाहिन्या फुटाव्यात म्हणून एक रासायनिक द्रव्य सोडतात. व्हीईजीएफ हे त्याचे नाव. नव्या वाहिन्या फुटतात खऱ्या, पण त्या कच्च्या असतात. एखाद्या सकाळी त्या फुटतात आणि डोळ्यासमोर काळे जाळे किंवा लालसर पडदा उतरतो. पुढे त्यांच्यासोबत वाढलेले धागे आवळले जाऊन पडदाच जागेवरून ओढला जातो.

या सगळ्यात डोळा दुखत नाही, लाल होत नाही, खाजत नाही. मधली सूज नसेल तर फुटण्याच्या बेतात आलेल्या वाहिन्या पडद्यावर असतानाही माणूस तक्त्यावरची शेवटची ओळ वाचू शकतो. म्हणून ‘मला तर छान दिसतंय’ हे मधुमेहीचे वाक्य खरे असते आणि तरीही निरुपयोगी असते. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात १९८० पासून चाललेल्या दीर्घ अभ्यासाने दाखवले की मधुमेहाला वीस वर्षे झाली की टाइप १ असलेल्या जवळजवळ सर्वांच्या आणि टाइप २ असलेल्या निम्म्याहून अधिक लोकांच्या पडद्यावर काही ना काही खुणा दिसतात. आपल्याकडे मधुमेह तिशी-चाळिशीतच जडू लागला आहे, तेव्हा वीस वर्षे म्हणजे ऐन कमावते वय.

मग टाळता येते का? हा प्रश्न विसाव्या शतकात फार काळ वादात होता. साखर काबूत ठेवली तर डोळे वाचतात, असे काही डॉक्टर मानत, तर काहींना हे सगळे आनुवंशिक नशीब वाटे. १९९३ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या डीसीसीटी या प्रयोगाने वाद मिटवला. टाइप १ मधुमेहाच्या १,४४१ रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीचे उपचार दिले, निम्म्यांची साखर कसोशीने खाली ठेवली. ज्यांचे डोळे सुरुवातीला निरोगी होते त्यांच्यात कसोशीच्या उपचारांनी पडद्याचा आजार होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला, आणि ज्यांना थोडा आजार होता त्यांच्यात तो वाढण्याचा धोका ५४ टक्क्यांनी. प्रयोग संपल्यावर दोन्ही गटांची साखर जवळपास सारखी झाली, तरी पहिल्या वर्षांचा फायदा पुढे कित्येक वर्षे टिकून राहिला. सुरुवातीची वर्षे ‘अजून काही त्रास नाही’ म्हणून घालवणाऱ्यांनी हे नीट ध्यानात घ्यावे. टाइप २ साठी ब्रिटनच्या यूकेपीडीएसने १९९८ मध्ये असाच निर्वाळा दिला, आणि त्यात एक मोलाची भर घातली : रक्तदाब. दाब कसून ताब्यात ठेवलेल्या गटात पडद्याचा आजार बळावण्याचे प्रमाण ३४ टक्क्यांनी आणि तक्त्यावर तीन ओळींइतकी नजर घटण्याचे प्रमाण ४७ टक्क्यांनी कमी झाले. आपल्या घरांत साखरेची चर्चा रोज होते. बीपीची गोळी मात्र ‘आता बरं वाटतंय’ म्हणून बंद केली जाते. डोळ्यांसाठी हा दुसरा अपराध पहिल्याइतकाच महाग पडतो.

एक सावधगिरी इथेच सांगायला हवी. फार काळ चढलेली साखर एकदम खाली आणली, तर आधीच आजारी असलेला पडदा काही महिने आणखी बिघडू शकतो. डीसीसीटीतही हे दिसले होते. २०१६ मध्ये सेमाग्लुटाइड या औषधाच्या चाचणीत पडद्याच्या गुंतागुंती औषध घेणाऱ्यांत ३ टक्के आणि न घेणाऱ्यांत १.८ टक्के आढळल्या, त्याचेही एक कारण साखर झपाट्याने उतरणे हे मानले जाते. वजन उतरवणारी ही औषधे आता आपल्याकडेही जोरात लिहिली जात आहेत. औषध टाळावे असा याचा अर्थ नाही. ते किंवा इन्सुलिन सुरू करण्याआधी पडदा पाहून घ्यावा, असा आहे. आधीपासून मधुमेह असलेल्या बाईला दिवस राहिले तरी हेच, कारण गरोदरपणात हा आजार भराभर वाढू शकतो. आणि फेनोफायब्रेट हे रक्तातल्या चरबीसाठीचे जुने, स्वस्त औषध. २०२४ मध्ये स्कॉटलंडमधल्या एका चाचणीत त्याने सुरुवातीच्या अवस्थेतल्या रुग्णांचा आजार पुढे सरकण्याचा धोका सुमारे २७ टक्क्यांनी कमी केला. हे औषध सर्वांनाच द्यावे का, हे ठरायचे आहे, पण पुढच्या काही वर्षांत त्याचे नाव आपल्या कानावर अधिक येईल असे वाटते.

आता तपासणी. ‘डोळे तपासलेत का?’ असे विचारले की बहुतेक मधुमेही ‘हो’ म्हणतात. त्यांनी चष्म्याच्या दुकानात नंबर काढलेला असतो. म्हणून प्रश्न वेगळा विचारावा : बाहुली मोठी करायचे थेंब घातले होते का? हे थेंब थोडे झोंबतात, अर्धा तास बाकावर डोळे मिटून बसावे लागते, दर दहा मिनिटांनी सिस्टर पुन्हा थेंब घालून जाते. मग डॉक्टर कपाळावर दिवा लावून, हातात भिंग धरून, ‘वर बघा, उजवीकडे बघा, माझ्या कानाकडे बघा’ असे सांगत पडद्याचा कानाकोपरा पाहतात. बाहेर पडल्यावर ऊन डोळ्यांत घुसते, मोबाइलवरची अक्षरे चार-पाच तास लागत नाहीत, गाडी चालवता येत नाही. हे काहीच झाले नसेल, आणि खास कॅमेऱ्याने पडद्याचा फोटोही काढला नसेल, तर पडदा तपासलेला नाही असे खुशाल समजावे. टाइप २ मधुमेहात ही तपासणी निदान झाले त्याच सुमारास करायची असते, कारण आजार आधीच काही वर्षे नकळत मुक्कामाला असतो. टाइप १ मध्ये पाच वर्षांनी सुरुवात करायची. नंतर साधारण वर्षातून एकदा, आणि खुणा सापडल्या तर डॉक्टर सांगतील तितक्या लवकर.

थेंब घालून परतायला सोबत कुणीतरी लागते. ही गोष्ट कागदावर क्षुल्लक दिसते. पण मजुरी करणाऱ्या घरात याचा अर्थ दोन माणसांचा रोज बुडणे, वर एसटीचे भाडे. ज्या बाईला स्वतःच्या दुखण्यासाठी मुलाला रजा टाकायला सांगणे जड जाते, तिची तपासणी दर वर्षी ‘दिवाळीनंतर’ ढकलली जाते.

उपचारांचा इतिहास थोडक्यात सांगण्यासारखा नाही, इतका तो विलक्षण आहे. १८५१ मध्ये जर्मनीत हेल्महोल्ट्झने डोळ्याच्या आत पाहण्याचे यंत्र बनवले आणि चार-पाच वर्षांतच एडुआर्ड येगरने मधुमेहीच्या पडद्यावरचे बदल नोंदवले. त्यानंतर शंभर वर्षे डॉक्टर ते नुसते पाहत राहिले. १९५३ मध्ये डेन्मार्कच्या पॉलसन यांनी बाळंतपणानंतर पिट्यूटरी ग्रंथी निकामी झालेल्या एका मधुमेही बाईची नोंद प्रसिद्ध केली. तिच्या पडद्याचा आजार चक्क ओसरला होता. तेवढ्या धाग्यावर पुढची काही वर्षे, नजर वाचावी म्हणून, मधुमेहींच्या मेंदूच्या तळाशी असलेली ही ग्रंथीच काढून टाकण्याची शस्त्रक्रिया केली जात असे. आज ते वाचताना अंगावर काटा येतो. पण दुसरा उपायच नव्हता.

तो उपाय आला सूर्यग्रहणातून. ९ जुलै १९४५ च्या ग्रहणाकडे उघड्या डोळ्यांनी पाहून पडद्यावर भाजल्याची खूण घेऊन आलेला एक विद्यार्थी मेयर-श्विकेराथ या जर्मन डॉक्टरांनी तपासला. प्रकाशाने पडदा जळतो, तर तो हवा तिथे, हवा तेवढा जाळून फाटलेला पडदा चिकटवता येईल का, असा विचार त्यांनी केला. आधी त्यांनी आरशांच्या साहाय्याने खरेच सूर्यप्रकाश वापरला, मग झेनॉन दिव्याचे यंत्र आले आणि साठच्या दशकात लेसर. मधुमेहात लेसर कसे काम करते? पडद्याच्या कडेच्या उपाशी भागांवर शेकडो बारीक चटके दिले जातात. तो भाग निकामी झाला की त्याची ऑक्सिजनची मागणी थांबते आणि नव्या वाहिन्या कोमेजतात. कडेचा पडदा देऊन मधली नजर राखायची, हा सौदा आहे. तो फायद्याचा असल्याचे १९७६ मध्ये अमेरिकेतल्या डायबेटिक रेटिनोपथी स्टडीने सिद्ध केले. सतराशेहून अधिक रुग्णांच्या एका डोळ्याला लेसर दिला, दुसऱ्याला नाही. दोन वर्षांत गंभीररीत्या नजर गेली ती लेसर न दिलेल्या डोळ्यांपैकी सुमारे १६ टक्क्यांची आणि दिलेल्यांपैकी सुमारे ६ टक्क्यांची. फरक इतका ढळढळीत होता की प्रयोगाचे ठरलेले नियम बदलून उरलेल्या धोक्यातल्या डोळ्यांनाही लेसर द्यायला मुभा दिली गेली. पुढच्या ईटीडीआरएस अभ्यासाने, वेळेवर लक्ष ठेवून लेसर दिला तर पाच वर्षांत गंभीर दृष्टिनाशाचे प्रमाण ४ टक्क्यांच्याही आत राहते, हे दाखवले. ही गोष्ट काही दशकांपूर्वीची आहे. म्हणजे आज मधुमेहाने अंध होणारे बहुतेक लोक, विज्ञानाकडे उत्तर असताना अंध होत आहेत.

तरीही लेसरचे नाव गावात बदनाम आहे. ‘अमक्याने लेसर केलं आणि होतं तेही गेलं’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की त्याकडे काणाडोळा करून चालणार नाही. यात रुग्णाचा दोष नाही. तो आला तेव्हा आजार पुढे गेलेला होता, लेसरनंतरही रक्तस्राव झाला, आणि लेसर नजर वाढवत नाही, आहे ती टिकवतो, हे त्याला कुणी आधी बसवून सांगितले नाही. रात्री आणि कडेला थोडे कमी दिसेल, हेही सांगितले नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसारखी चकाकी अपेक्षिणाऱ्या माणसाला ही फसवणूकच वाटणार. सल्ल्याची ही पाच मिनिटे वाचवणाऱ्या दवाखान्याने पुढच्या दहा रुग्णांचा लेसर नकळत रद्द केलेला असतो.

मधल्या सुजेच्या बाबतीत मात्र गेल्या वीस वर्षांत चित्र पालटले. व्हीईजीएफ हे द्रव्य नापोलिओने फेरारा यांनी १९८९ मध्ये वेगळे केले आणि १९९४ मध्ये ते मधुमेहींच्या डोळ्यातल्या पाण्यात सापडले. त्याला निष्प्रभ करणारी औषधे डोळ्यात टोचता येऊ लागली : रॅनिबिझुमॅब, अफ्लिबरसेप्ट, अलीकडे फॅरिसिमॅब, आणि मुळात आतड्याच्या कर्करोगासाठीचे बेव्हासिझुमॅब. डोळ्यात सुई म्हटले की माणूस हादरतो, म्हणून प्रत्यक्ष काय घडते ते सांगतो. बधिर करणारे थेंब, मग तपकिरी जंतुनाशक, पापण्या उघड्या धरणारी छोटी तार. बुबुळाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटर मागे केसासारखी सुई जाते आणि काही सेकंदांत बाहेर येते. दाब जाणवतो. संध्याकाळी थोडे खुपते. जंतुसंसर्गाचा धोका अगदी कमी, पण खरा आहे : पुढच्या काही दिवसांत डोळा दुखला, लाल झाला, दिसणे कमी झाले, तर त्याच दिवशी परत जायचे. या औषधांनी लेसरला न जमलेली गोष्ट केली : सूज उतरवून पुष्कळांची नजर सुधारली. पहिल्या वर्षी साधारण आठ-नऊ इंजेक्शने लागतात, पण पुढे गरज घटत जाते आणि चौथ्या-पाचव्या वर्षी अनेकांना एकही लागत नाही, हे अमेरिकेतल्या पाच वर्षांच्या अभ्यासात दिसले आहे. सूज आहे पण नजर उत्तम आहे, अशांना लगेच टोचण्याची घाईही नको, लक्ष ठेवले तरी चालते, हे २०१९ मध्ये कळले.

खर्चाचा प्रश्न उरतो, आणि तो मोठा आहे. भारतात २०१५ पासून इंटास कंपनीचे देशी रॅनिबिझुमॅब मिळू लागले, बेव्हासिझुमॅबच्या एका कुपीतून अनेक छोटे डोस काढता येतात, त्यामुळे भार हलका झाला. २०१५ च्या एका तुलनात्मक चाचणीत नजर फारशी घटलेली नसताना स्वस्त आणि महाग औषधांत फरक पडला नाही. नजर बरीच घटलेली असेल तर अफ्लिबरसेप्ट सरस ठरले. म्हणजे लवकर येणाऱ्याला स्वस्त औषध पुरते. पण मला खर्चाहून अधिक काळजी वाटते ती खंडाची. नव्या वाहिन्यांच्या आजारात लेसरऐवजी इंजेक्शने देता येतात, हेही सिद्ध झाले आहे. पण इंजेक्शनचा परिणाम महिना-दोन महिन्यांत ओसरतो. रुग्ण मध्येच यायचा थांबला, तर नुसत्या इंजेक्शनवर असलेल्या डोळ्यांची दशा लेसर झालेल्या डोळ्यांहून वाईट होते. पेरणी, लग्नसराई, ऊसतोड, बदली, अशी न येण्याची कारणे ज्यांच्याकडे आहेत, त्यांच्यासाठी जुना लेसरच अधिक भरवशाचा. मोठ्या शहरातल्या नव्या यंत्रांच्या झगमगाटात हे विसरले जाऊ नये.

रक्त साचून राहिले किंवा पडदा ओढला गेला, तर डोळ्याच्या आतला गर आणि धागे काढण्याची शस्त्रक्रिया उरते. रॉबर्ट माखेमर यांनी ती १९७० मध्ये मायामीत सुरू केली. आता ती पुष्कळ सुरक्षित झाली आहे, पण इथवर येणे म्हणजे आधीच्या सगळ्या संधी हुकलेल्या असणे.

या संधी हुकू नयेत म्हणून काय करता येते, हे दोन देशांनी दाखवले आहे. आइसलँडने १९८० पासून मधुमेहींच्या पडद्याची नियमित तपासणी सुरू केली आणि मधुमेहींमधले अंधत्व २.४ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आले. इंग्लंडने २००३ मध्ये बारा वर्षांपुढच्या प्रत्येक मधुमेहीला फोटोसाठी बोलावणे पाठवायला सुरुवात केली. २००९-१० ची आकडेवारी तपासली तेव्हा कमावत्या वयातल्या अंधत्वाच्या कारणांमध्ये मधुमेहाचा पहिला नंबर गेलेला होता. गेल्या पन्नास वर्षांत हे प्रथमच घडले होते. दोन्हीकडे बोलावणे सरकारकडून जाते. रुग्णाच्या आठवणीवर काही सोडलेले नाही.

आपल्याकडे माणसे जास्त आणि पडद्याचे तज्ज्ञ शहरांत गोळा झालेले. तरी मार्ग दिसतो. केरळने तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या १६ कुटुंब आरोग्य केंद्रांत परिचारिकांच्या हाती कॅमेरे दिले आणि फोटो दूरवर बसलेल्या तज्ज्ञांकडे पाठवले. मदुराईच्या अरविंद आणि चेन्नईच्या शंकर नेत्रालयातल्या फोटोंच्या मदतीने गूगलने संगणकाला हे निदान शिकवले, त्याचा निबंध २०१६ मध्ये आला. मुंबईत डॉ. एस. नटराजन आणि सहकाऱ्यांनी महापालिकेच्या दवाखान्यांत स्मार्टफोनला जोडलेला कॅमेरा आणि इंटरनेटविना चालणारी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरून २१३ मधुमेहींची तपासणी केली. पुढे पाठवण्याजोगा एकही रुग्ण यंत्राने सोडला नाही, आणि पुढे पाठवण्याची गरज नसलेल्यांपैकी ८८.४ टक्के बरोबर ओळखले. हा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. छोटा आहे, पण मुंबईच्या दवाखान्यात झालेला आहे, म्हणून मला तो मोलाचा वाटतो. मात्र कॅमेरा फक्त चिठ्ठी देतो. चिठ्ठी घेऊन माणूस जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचला का, तिथे लेसरचे यंत्र चालू होते का, आणि तो दुसऱ्या बैठकीला परत आला का, हे विचारणारा कुणी नसेल तर कॅमेऱ्यावरचा पैसा वाया जाईल. प्राथमिक आरोग्य केंद्रात साखर तपासली जाते त्याच दिवशी, त्याच खोलीत पडद्याचा फोटो निघाला पाहिजे, आणि ज्यांना पुढे पाठवले त्यांची यादी आशाताईंच्या वहीत गेली पाहिजे. त्यांनी ते काम करावे अशी अपेक्षा असेल तर त्याचा वेगळा मोबदलाही त्यांना मिळायला हवा.

ज्यांची नजर गेली आहे त्यांच्याविषयीही दोन शब्द. ‘आता काही होणार नाही’ म्हणून त्यांना घरी पाठवले जाते, हे चूक आहे. उरलेल्या नजरेसाठी भिंगे मिळतात, मोबाइल बोलून वाचून दाखवतो, पांढरी काठी वापरायचे प्रशिक्षण मिळते. मुंबईत १९५२ मध्ये स्थापन झालेली नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही या कामातली जुनी संस्था आहे. पन्नाशीत अंध झालेल्या माणसाला इन्सुलिनचा डोस स्वतः मोजून घेता येणे, हा सुद्धा उपचारच आहे.

आपल्या घरात मधुमेही असेल तर त्यांची फाइल आज काढून पाहा. उपाशीपोटीची साखर, जेवणानंतरची साखर, तीन महिन्यांची सरासरी, सगळ्याच्या तारखा तिथे सापडतील. पडद्याच्या तपासणीची तारीख शोधा. ती नसेल, किंवा वर्षापूर्वीची असेल, तर याच आठवड्यात एक दिवस ठरवा, सोबत जायला कुणीतरी रजा टाका, आणि थेंब घालून पडदा पाहायचा आहे असे नाव नोंदवतानाच स्पष्ट सांगा. साखरेवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाही विनंती आहे : पुढच्या वेळी प्रिस्क्रिप्शन लिहिताना वरच्या कोपऱ्यात ही तारीख विचारून लिहा, आणि ती रिकामी राहिली तर रुग्णाला तसा सोडू नका.